कॅप्टनसाहेबांची रजा

मी मोडी वाचून पोट भरते. लोकांना वाटतं पेशवाईतली खलबतं वगैरे वाचत असेल. तसलं काही नाही, गहाणखतं, वाटणीपत्रं, जन्ममृत्यूची रजिस्टरं, आणि 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसल्यापासून तर सकाळ-संध्याकाळ एकच, "मॅडम, इथे कु. लिहिलंय का तेवढं बघा". फोटो मोबाईलवर काढलेला, कोपऱ्यात अंगठा, आणि वर पानाला शंभर रुपये जास्त होतात म्हणून घासाघीस.

त्यात एका ओळखीच्या काकांमार्फत इंग्लंडहून एका गृहस्थांचं काम आलं. त्यांचे आजोबा आपल्या मराठा पलटणीत अधिकारी होते, ते कुटुंबासाठी छोटं पुस्तक करतायत, आजोबांच्या ट्रंकेत मोडी पत्रं निघाली. स्कॅन एकदम लख्ख, मला तर भरूनच आलं.

आजोबा 114 व्या मराठा पलटणीत. ऑक्टोबर 1918 ला मेसोपोटेमियात (म्हणजे आताच्या इराकात) शर्कतच्या लढाईत होते, मग बेळगाव. त्यांची एक वही पण स्कॅनमध्ये होती. पहाटे परेड, दुपारी झोप, संध्याकाळी जवानांबरोबर हॉकी, रात्री मेसमध्ये नटूनथटून जेवण, आणि महिनाअखेर मेसचं बिल बघून कपाळाला हात. भाषा शिकवणाऱ्या मुन्शीची फी वेगळी, कारण पलटणीचा कारभार रोमन लिपीतल्या उर्दूत असला तरी मराठा पलटणीतल्या साहेबाला मराठीचीही परीक्षा द्यावी लागे. मागच्या पानांवर कंपनीतल्या माणसांची नावं, गाव, कोणाची म्हैस मेली, कोणाचा भावाशी दावा चालू आहे. आमच्याकडच्या एका रेकॉर्ड रूममध्ये स्वतःच्या रजिस्टरांची एवढी नोंद नाहीये.

1922 ला सगळ्या पलटणींची फेररचना झाली, 114 वी ची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दहावी, म्हणजे ट्रेनिंगची बटालियन, मुक्काम बेळगाव. आणि आजोबा 1922 च्या शेवटी 'निवृत्त'. वय तिशीच्या आत. घरात समजूत अशी की हिंदी, म्हणजे भारतीय, अधिकारी आले म्हणून यांना जावं लागलं. मला राहवलं नाही, मी लिहिलं की तसं नाही हो, हिंदी अधिकाऱ्यांची योजना जाहीर झाली फेब्रुवारी 1923 ला, ती पण आठच पलटणींपुरती, (त्यात मराठ्यांची पाचवी रॉयल बटालियन होती) आणि ती पोरं येणार सगळ्यात खालच्या पायरीवर. आठच का, तर गोऱ्याला काळ्याच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये म्हणून ती वेगळी काढलेली. तुमच्या आजोबांना काढलं ते पैसे नव्हते म्हणून. महायुद्धात भरमसाट अधिकारी भरले, मग तिकडे ब्रिटनमध्ये सरकारी खर्च कापणाऱ्या गेडीस कमिटीची कुऱ्हाड, इकडेही सरकारला खर्च कापायचा, आणि जादा झालेल्यांना ठरलेली रक्कम देऊन घरी पाठवणं. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट आहे, त्या वर्षांचे अंक उघडा, कॅप्टन-मेजरांच्या याद्याच्या याद्या आहेत. असे बरेच जण तिकडे जाऊन कोंबड्या पाळायला लागले. आमच्या कॅप्टनसाहेबांनीपण त्याच पाळल्या.

आता पत्रं. खेड तालुक्यातल्या एका हवालदाराची, तोही त्याच फेररचनेत कमी झालेला, पेन्शनीला वर्षं कमी पडलेली. 1923 ते 1934. मोडीत आख्खी ओळ आधी मारायची आणि अक्षरं तिला टांगत सुटायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, त्यामुळे खरी दमछाक इंग्रजी शब्दांनी होते. एका ओळीवर मी दुपार घालवली, शेवटी मोठ्याने म्हणत बसले तेव्हा सुटलं, 'रिकरुटिंगआपिसरकडे'. मजकूर सगळा अर्जाचा. मायबाप, गरिबाकडे पाहावे, मुलाला भरती करून घ्यावे, चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी द्यावी. मामलेदाराला लिहिलेल्या अर्जांतपण हेच असतं, नातवाला वाटलं तसं ते सगळं प्रेम नाहीये.

चिठ्ठी साहेबांनी पाठवली. मुलगा ती घेऊन बेळगावला गेला, तिथल्या कारकुनाने सांगितलं की या नावाचा साहेब पलटणीत नाही आणि भरतीही बंद आहे. पोरगं मुंबईला गिरणीत लागलं. पण हवालदाराने यातून काय अर्थ काढावा? 1927 च्या पत्रात तो लिहितो, "आपण लांब रजेवर आहा असे समजले. रजा किती दिवसांची ते कळवावे."

मला अडकवलं ते या ओळीने, आणि तिच्यावरच्या पेन्सिलीने. साहेबांना परीक्षेपुरती बाळबोध, म्हणजे देवनागरी, येत असणार, पहिल्या पत्रांवर त्यांनी मोडी अक्षरांच्या डोक्यावर बारीक देवनागरी अक्षरं लिहिलीयत, दोन शब्द बरोबर, तिसरा चूक, मग प्रश्नचिन्ह आणि सोडून दिलेलं. पण वर्षागणिक पेन्सिल सुधारत गेलीय. कोंबड्यांच्या शेडमागे बसून हा माणूस मोडी शिकत होता! 1927 पर्यंत ओळच्या ओळ बरोबर, माझ्या क्लासमधल्या पोरांपेक्षा बरं. "रजा किती दिवसांची" हे सगळं नीट लिहून काढलंय. म्हणजे त्यांनी वाचलं होतं, कळलं होतं. आणि पुढच्या दोन्ही पत्रांत हवालदार पुन्हा तेच विचारतो, रजा संपली का. म्हणजे साहेबांनी कळवलं नाही. आपल्यालाही काढून टाकलंय, एकाच वर्षी, एकाच कारणाने, हे त्या माणसाला बारा वर्षांत सांगवलं नाही.

लाज म्हणावी, की त्याची आशा मोडू नये म्हणून? की साहेब राहायचं होतं कुणाचा तरी? मी कधी हे म्हणते कधी ते. त्यांची उत्तरं खेडला गेली, ती कुठल्या चुलीत गेली देव जाणे.

बरं, कोंबड्यांचं मात्र सांगितलं होतं. 1934 च्या पत्रात हवालदार लिहितो, साहेबांच्या कोंबड्यांना मर लागली वाचून वाईट वाटले, कांदा चेचून हळदीबरोबर चारावा, आजारी पक्षी लगेच वेगळे काढावेत, आणि रजेत एवढी दगदग करू नये.

नातवाला सगळं लिप्यंतर, भाषांतर आणि वर माझी टीप पाठवली. टीप त्याने मागितली नव्हती. पैसे दुसऱ्या दिवशी आले (इथे तीन-तीन महिने मागे लागावं लागतं). आठवड्याने मेल आली, पुस्तकात कोंबड्यांचं पत्र घेतोय, फार गोड आहे, बाकीची जागेअभावी नाही. मी लिहिलं की रजेचं पत्र नसेल तर या पत्रातली शेवटची ओळ कुणाला कळणारच नाही. त्यावर तो म्हणाला, मग ती ओळ गाळू.

मी भाषांतरकार म्हणून माझं नाव घालू नका एवढं कळवलंय.