हाताला गुण, पण गाव नवं

क्लीव्हलंडच्या विमानतळावर, जिथं आपल्या बॅगा फिरत येतात तिथं, सुपरमॅनचा पुतळा आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराला मी उतरले तेव्हा न्यायला कुणी येणार नव्हतंच. दोन बॅगा आणि आईनं दिलेली मेतकुटाची बरणी घेऊन मी त्याच्या शेजारी टॅक्सीची वाट बघत उभी राहिले. विमानतळावर याचं काय काम, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुपरमॅन न्यूयॉर्कचा असेल अशीच माझी समजूत. तो या गावचा आहे, इथल्या दोन शाळकरी पोरांच्या डोक्यातून निघालेला, हे पुढं चार महिन्यांनी कळलं.

मिरजेत मी सात वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं. दवाखान्यात आजूबाजूच्या खेड्यांतून पेशंट यायचे, आणि एखादी म्हातारी जाताना हात धरून म्हणायची, "डॉक्टरीणबाई, तुमच्या हाताला गुण आहे बघा." या एका वाक्यावर आपण किती उभे असतो ते मिरजेत असताना जाणवलं नाही.

अमेरिकेत बाहेरच्या डॉक्टरला साधारणपणे यूएसएमएलईच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या, परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणं, पहिल्यापासून करावी लागते. आधी किती वर्षं प्रॅक्टिस केली याला फारसा अर्थ नसतो. मार्चमध्ये कुठलं हॉस्पिटल मिळालं ते कळतं, १ जुलैच्या सुमारास काम सुरू. मेडिसिनची तीन वर्षं, आठवड्याला सरासरी ८० तासांपर्यंत ड्यूटी. मला अतिदक्षता विभागाचं काम इथल्या पद्धतीनं शिकायचं होतं, म्हणून छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर, झाले. माझ्याबरोबरची मुलं सव्वीस-सत्तावीसची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुलकर्णी हे आडनाव अर्ध्यात सोडलं आणि मी 'डॉक्टर के' झाले.

पहिल्याच आठवड्यात एका पेशंटच्या मणक्यातलं पाणी काढायचं होतं. हे मी मिरजेत कितीदा केलं असेल त्याची गणती नाही. इथं माझ्याहून सात वर्षांनी लहान सीनिअर शेजारी उभी राहिली आणि सुई कशी धरायची ते सांगू लागली. ती फार चांगली मुलगी आहे, तिचं काहीच चुकलं नव्हतं. नियमही बरोबरच आहे, नव्या माणसाच्या हाती पेशंट असाच सोपवू नये. मी "हो" म्हणत गेले, आणि रात्री खोलीवर येऊन भात लावता लावता रडले. काम नवं असतं तर वाईट वाटलं नसतं. जे येतं ते येत नसल्यासारखं उभं राहणं फार जड जातं. आणि हे सांगायला त्या गावात मला एकही माणूस नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये वॉर्डात एक वयस्क बाई होत्या, ग्लेनव्हिल भागात वाढलेल्या. घरी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करतेस? मी म्हटलं, झोपते. त्या म्हणाल्या, "झोपणं पुरे. जेरीचं घर बघून ये."

रविवारी गेले. ग्लेनव्हिल शहरातल्या युनिव्हर्सिटी सर्कल या भागाच्या उत्तरेला आहे, पूर्व १०५ क्रमांकाचा रस्ता तिकडेच जातो. एके काळी ही ज्यू कुटुंबांची भरलेली वस्ती होती, आता बहुतांश कृष्णवर्णीयांची आहे. मधे रिकामे प्लॉट, काही घरं फळ्या ठोकून बंद केलेली. अशातच किंबर्ली अव्हेन्यूवर एक साधं लाकडी घर. कुंपणावर 'एस'ची ढाल नसती तर मी पुढं निघून गेले असते. घरात लोक राहतात, त्यामुळं रस्त्यावरूनच बघायचं. २००९ मध्ये लोकांकडून पैसे जमवून ते दुरुस्त केलं गेलं.

सुपरमॅनची गोष्ट लिहिणारा जेरी सीगल या घरात राहायचा. १९१४ चा जन्म. आईवडील लिथुआनियाकडून आलेले ज्यू, मूळ आडनाव सेगालोविच, तेही असंच मधे कापलं गेलेलं. वडिलांचं कपड्यांचं दुकान. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले आणि तेव्हाच हृदयविकारानं वडील गेले. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर त्यानं ज्याला गोळी लागत नाही असा माणूस कागदावर उतरवला, हे मी त्या कुंपणापाशी फोनवर वाचलं आणि पुढं वाचवेना. जेरीनं हा संबंध स्वतः जोडला नव्हता म्हणतात. पण वडील गेल्यावर मुलाच्या मनात काय होतं ते आम्ही वॉर्डाच्या दाराशी रोज बघतो.

सुपरमॅनची चित्रं काढणारा त्याचा मित्र जो शुस्टर टोरांटोत जन्मलेला. दहाएक वर्षांचा असताना क्लीव्हलंडला आला, म्हणजे नव्या गावात नव्यानं सुरुवात त्यालाही चुकली नव्हती. वडील शिंपी, घरात पैसा नाही, डोळे अधू. दोघांची गाठ ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये पडली. जेरी सांगायचा की उन्हाळ्यातल्या एका रात्री झोप येईना म्हणून तो उठून सुचेल ते लिहीत बसला आणि उजाडताच ती पानं घेऊन जोच्या घराकडं पळत सुटला. तोच रस्ता मी चालत गेले. जोची इमारत आता नाही, पण त्या जागेच्या कुंपणावर पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावली आहेत. जोची आई ज्या फळीवर पावाचं पीठ मळायची तीच टेकायला घेऊन तो चित्रं काढायचा. हिवाळ्यात घर तापवायला पैसे नसायचे, मग कपड्यांवर कपडे चढवून बसायचा. मला आमच्या स्वयंपाकघरातली परात आठवली, आणि तिच्यापाशी बसून गणितं सोडवणारा माझा भाऊ.

कुंपणावरची पानं मी थंडीत उभी राहून एकेक करत वाचली. लहानपणी टीव्हीवर बघितलेला सुपरमॅन वेगळा, हा वेगळा. याला उडता येत नाही, तो फक्त लांब उडी मारतो, एका उडीत मैलाचा आठवा भाग. त्याला सांभाळणारे शेतकरी आईबापही या गोष्टीत नाहीत. त्याला वाटेनं जाणारा कुणीतरी उचलतो आणि अनाथाश्रमात देतो. पुढं तो शहरात येतो, एकटा. त्या शहराला गोष्टीत अजून नावही नाही. तिथं नोकरी धरतो, चष्मा लावतो, खाली मान घालून वावरतो. बरोबर काम करणाऱ्या लोइसला नाचायला घेऊन जातो तर एक दांडगट मधे येतो, आणि हा गप्प बसतो. ती त्याला भित्रा म्हणून निघून जाते. रात्री याच माणसानं मृत्युदंडाच्या दारातली एक निरपराध बाई सोडवलेली असते, पण ते लोइसला कुठं ठाऊक!

या गोष्टीत सगळे मोटार उचललेलं चित्र बघतात. मी क्लार्क केंटलाच, म्हणजे चष्म्यातल्या त्या साध्या माणसालाच, बघत राहिले. ज्यांच्या घरात आईबाप परक्या मुलखातून आलेले, अडखळत नवी भाषा बोलणारे, त्यांनाच असा माणूस सुचू शकतो. बाहेर कुणाला पत्ता नाही, पण घरी माहीत आहे की आपला बाप कोण होता. आणि केप? एकाचा बाप शिंपी, दुसऱ्याचा कपड्यांचा दुकानदार. त्यांच्या नायकाचा पोशाख इतका नीट लक्षात राहावा यात मला नवल वाटत नाही.

जिथं पिकतं तिथं विकत नाही, तशी ही गोष्ट काही वर्षं कुणी घेईना. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रकाशकानं घेतली. १३ पानं, १३० डॉलर, आणि त्यात सगळे हक्क गेले. जूनची तारीख घातलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा तो पहिला अंक १० सेंटला विकला गेला. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या. दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचं मानधन आणि सुपरमॅनवर निर्माते म्हणून नाव परत मिळालं ते थेट १९७५ च्या शेवटाला. हे वाचून मला आजही संताप येतो.

परतताना बसमध्ये वॉन्लेसवाडी आठवली. सांगली आणि मिरजेच्या मधे आमचा रोजचा रस्ता. कॅनडातून आलेल्या ज्या डॉक्टर विल्यम वॉन्लेसनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं त्यांच्या नावाची ती वाडी, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतो. पण पहिल्या महिन्यात त्यांच्याकडं कोण आलं असेल? भाषा येत नाही, जेवण वेगळं, आणि दारात बसलेल्या माणसाला हा गोरा काय करणार ते माहीत नाही. तोही कुणाच्या तरी घरचा 'हाताला गुण' असलेला मुलगा असेलच. या माणसाचा विचार मी त्या रविवारी पहिल्यांदा केला.

डिसेंबर उजाडला. एरी सरोवरावरून येणारा बर्फ काय असतो ते कळलं. एका रात्री वॉर्डात एका आजोबांना सलाईन लावायचं होतं आणि शीर सापडेना. इथं हे काम नर्सेसचं, आणि त्या फार तयार असतात. पण तिघींचे प्रयत्न फसले होते, आजोबांचे दोन्ही हात निळे झाले होते, आणि सोनोग्राफीचं मशीन दुसरीकडं अडकलं होतं. मी म्हटलं, मी बघू का? नर्सनं जरा थांबून जागा दिली.

मिरजेत मे महिन्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट यायचे, शिरा पार सुकलेल्या. तिथं शिकलेलं सगळं हातात होतं. आजोबांचा हात पलंगाखाली लोंबता ठेवला, गरम टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं थांबले. मग मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवलं, डोळे मिटले. दिसत नव्हती, पण बोटाखाली दोरीसारखी लागली. सुई आत गेली, नळीत रक्त आलं. आजोबांनी हुश्श केलं. नर्सनं पट्टी चिकटवता चिकटवता विचारलं, "हे कुठं शिकलीस?" मी गावाचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, मिरज, मिरज.

पुढच्या आठवड्यात पहाटे तीनला माझा पेजर वाजला. दुसऱ्या मजल्यावरून फोन, न ओळखीचा आवाज. "तू ती शीर सापडणारी डॉक्टर ना? येतेस का जरा?"

लिफ्टची वाट बघितली नाही, जिन्यानंच गेले.