पताकेपासून तुळशीपर्यंत

"यंदाही जोडीनं का?" वारीची पिशवी भरायला घेतली की शेजारच्या बायका कौतुकानं विचारतात. मी नुसती हसते. दिंडीत कुठली आलीय जोडी? पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, वीणा, आणि त्यांच्या मागे तुळस नि हंडा घेतलेल्या आम्ही बायका. हे टाळकऱ्यांत. मला दिवसभर यांची टोपी तेवढी दिसते, तीही बाकीच्या टोप्यांत ओळखू आली तर. झोपायच्या राहुट्या वेगळ्या, जेवायच्या पंगती वेगळ्या. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आम्ही असे बरोबर जातो.

आणि मला ते सोसतं, किंबहुना बरं वाटतं. यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. कधी धोम, कधी वीर, कधी थेट उजनी. मुलांच्या शाळेपायी आणि सासूबाईंच्या दम्यापायी मी साताऱ्यातच. शनिवारी रात्रीच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे डबा घेऊन जायचे. लग्नाला पस्तीस वर्षं उलटली असं आम्ही सांगतो खरं, पण प्रत्यक्षात रविवारांचीच बेरीज. त्या रविवारांत भांडायला सवड नसायची. निवृत्त होऊन हे कायमचे घरी आले आणि महिन्याभरात माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळीवर 'तूरडाळ'. एवढी वर्षं ती डाळ मला न वाचता सापडत होती! त्या वर्षी आमचं जेवढं वाजलं तेवढं आधी सगळं मिळून वाजलं नसेल.

वारीचं खूळ त्यातूनच निघालं. कुणीतरी यांना दिंडीत ये म्हणालं, आणि हे दोघांच्या भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाचे, पैसे भरूनच घरी आले. मला विचारायचं राहिलं. रागानं नाही म्हणणार होते. पण माउलींच्या नावानं भरलेले पैसे परत कुठल्या तोंडानं मागायचे?

तेव्हापासून जातो. यंदा दिवेघाटात कडक ऊन, सासवडला पाऊस, जेजुरीत भंडारा, नीरेला स्नान, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण. फलटण कधी आलं नि गेलं, आठवत नाही. टँकरपाशी एका बाईनं "माउली, माउली" करत माझ्या हातची भरलेली बादली नेली, ते मात्र लख्ख आठवतं.

बरड सोडलं आणि उजव्या टाचेखाली चुरचुरायला लागलं. आधी वाटलं खडा असेल. चप्पल झटकली. खडा नव्हता. पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून जुनी झाडं बरीच गेली, आणि सिमेंटचा रस्ता दुपारी खालून भाजतो. धर्मपुरीच्या अलीकडे पाऊल टेकवेना. तुळस शेजारणीच्या डोक्यावर दिली आणि रस्त्याकडेच्या एका टेंपोच्या सावलीत बसले. दिंडी पुढे गेली. टाळांचा आवाज लांब जाईपर्यंत मी यांच्या टोपीकडे बघत होते. एकदाही मान वळली नाही. टाळकऱ्यानं मागे बघायचं नसतं, रांग मोडते, हे मला कळतं. तरी असा राग आला की काय सांगू. यांचा आला आणि यांच्याबरोबर विठ्ठलाचाही आला. कशाला बोलावतो दरवर्षी?

टेंपोच्या सावलीत आधीच एक म्हातारं जोडपं बसलेलं. परभणीकडचं. आजींनी माझ्या पायाला हात लावून चाचपलं.

"फोड आलाय जणू. दोरा घालावा लागतो, माय."

सुईनं फोडातून दोरा ओढून तो आतच ठेवायचा. पाणी झिरपत राहतं आणि कातडी सुटत नाही. हे मलाही ठाऊक होतं, पण आपली टाच आपल्याला दिसत नाही. आजींच्या पिशवीत सुई निघाली. दोरा मी ओवून दिला, कारण आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन दिवाळीनंतर. आजोबांना चांगलं दिसत होतं, पण त्यांचे हात लटलट कापत होते. तेव्हा ठरलं असं की सुई आजींनी धरायची आणि आजोबांनी सांगायचं. माझा पाय आजींच्या मांडीवर.

"जरा खाली," आजोबा म्हणाले.

"खालीच हाय."

"आगं, खाली म्हंजी टाचंकडं. तिकडं कुठं चाललीस?"

"नीट सांगत जा. डावं म्हन्ता आन् बोट उजवीकडं करता."

"तुला कुठं दिसतंय बोट?"

"बोट न्हाई दिसत. तुमची खोड म्हाईत हाय."

सुई अधांतरी, मी डोळे गच्च मिटून. टाच माझी आहे याचा दोघांनाही विसर पडलेला.

"आता?"

"आता टोच."

काही कळलंच नाही. गार पाणी टाचेवरून ओघळलं तेवढं. मग दोऱ्याचं शेपूट किती ठेवायचं यावरून पुन्हा जुंपली. आजोबा म्हणत कापा, आजी म्हणत कामून कापायचं, ऱ्हाऊ द्या. शेवटी आजोबांनी चंचीतून अडकित्ता काढला आणि दोन्ही हातांनी धरून दोरा कातरला. आजींनी वर हळद दाबली. मी दोघांना राजगिऱ्याचे लाडू दिले. आजींनी आजोबांचा लाडू मुठीत चुरून त्यांच्या तळहातावर ओतला आणि मग आपला खाल्ला.

"कुठल्या दिंडीत तुम्ही?" मी विचारलं.

"दिंडी न्हाई. मोकळंच चालतो आम्ही. दिंडीत यान्ला म्होरं धाडतेत, मला मागं. मग मला खड्डा कोन दावील?"

यावर मी काय बोलणार? दोघं उठले. आजींनी आजोबांच्या उपरण्याचं टोक हाताला गुंडाळलं, आजोबा "हां, फूट आलीय, पाय उचल" करत निघाले आणि चार पावलांत पुन्हा कशावरून तरी लागली.

शिंगणापूर फाट्याला बायका शिखराच्या दिशेनं हात जोडत होत्या. शंभूमहादेवाचं लग्न तिथे दर चैत्रात लागतं. दरवर्षी नव्यानं हळद, नव्यानं अक्षता. देवाला परवडतं ते. मी लंगडत, त्या आजोबांनी अडकित्त्यानं कापलेला दोरा चपलेला घासू नये म्हणून पाऊल वाकडं टाकत नातेपुत्याला पोचले, तेव्हा हे ट्रकपाशी हातात ताट घेऊन उभे.

"उशीर झाला?"

"फोड आला होता."

"दाखव."

मोबाईलच्या उजेडात टाच बघितली. कालव्याचं अस्तरीकरण तपासायला आलेल्या साहेबासारखी, अगदी वाकून, बोट न लावता. "निचरा चांगला होईल. कोणी घातला दोरा?" एका आजींनी, म्हटलं. "काम नीट आहे," म्हणाले आणि समाजआरतीला निघून गेले.

त्या रात्री मी जेवले नाही. राहुटीत पडल्या पडल्या पलीकडच्या पुरुषांच्या राहुटीतलं घोरणं ऐकत होते. पंचवीस-तीस माणसं एका वेळी घोरतात, त्यात यांचं मला ओळखू येतं. शेवटाला शीळ असते. मध्ये ते थांबलं. मी उठून बसले. हे खोकले, कूस बदलली असावी, शीळ परत सुरू झाली. मग मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी हे टाळकऱ्यांच्या पार शेवटच्या रांगेत, आमच्याजवळ. मला क्षणभर बरं वाटलं. दुपारी कळलं की पुढच्या रांगेत अभंगाच्या चालीवरून कोणाशी तरी बिनसलं होतं म्हणून मागे धाडलं होतं. असो. टोपी जवळून दिसली. धुवायला झाली होती.

वेळापूरचा धावा मी धावले नाही. वाखरीला रिंगण लांबूनच बघितलं. पंढरपुरात रांग इतकी की कळसाचं दर्शन घेऊन हात जोडले. रखुमाईचं देऊळ विठोबाच्या मागच्या अंगाला, वेगळं. रुसून दिंडीरवनात येऊन बसली, देव तिला शोधत आले, आणि विटेवर उभे राहिले ते एकटेच. हिचा रुसवा शेवटी निघाला की नाही, असं लहानपणी मला वाटायचं. आता वाटतं, निघाला असेल. पण तिनं घर वेगळंच ठेवा म्हटलं असेल. एका अंगणात, हाकेच्या अंतरावर.

यांना पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबायचं होतं. मला टाच घेऊन आणखी चिखलात राहायचं नव्हतं. भर चंद्रभागेच्या वाळवंटात आमचं वाजलं, लोक बघत होते. द्वादशीचं पारणं करून मी एकटीच एसटीत बसले. गाडी स्टँडबाहेर पडते न पडते तोच फोन.

"माझं धुतलेलं बनियन कुठेय?"

"पिशवीत तळाला."

"नाहीये."

"डावीकडे बघा."

"डावीकडेच बघतोय."

"अहो, तुमच्या डावीकडे नाही, चेन असते त्या बाजूला."

कंडक्टर समोर उभा. बायकांना अर्धं तिकीट, त्याचेही त्याला सुट्टेच पैसे हवे. मी फोन मानेत धरून नाणी मोजत होते आणि हे तिकडे सगळी पिशवी उपसत होते.