सह्या, मेथी आणि पाण्याचा हक्क

आज गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात पाण्याचा हक्क विकण्याविरोधात सह्या गोळा केल्या. "नदी कोण विकतंय रे बाबा?" मेथीवाल्या मावशींचा रोकडा सवाल.

नदी नाही मावशी, पाण्याचा हक्क. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात वाट्याला मंजूर झालेलं पाणी हंगामापुरतं विकता-घेता येण्याची तरतूद आहे. त्यांना काही पटेना. मग शिवनाथ नदीचं सांगितलं. १९९८ साली, आताच्या छत्तीसगडमधला तिचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा खासगी कंपनीकडे गेला आणि काठच्या लोकांना मासेमारीला, पाणी उपसायला आडकाठी झाली.

"म्हणजे गंगेलाच कुलूप!" म्हणत मावशींनी सही ठोकली, शेजारच्या कांदेवाल्यालाही ओढून आणलं. शिकलीसवरलेली मंडळी मात्र 'व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा' म्हणून सटकली. (पाठवलंय, निळी टिक आलीय.)

पुढच्या बुधवारी पुन्हा तिथेच. येताना पेन आणा, आमची कमी पडतात.