ढील

भंडारदऱ्याच्या कॅम्पवर त्या रात्री माझ्याकडे अठरा माणसं होती. त्यांत एक काका होते, आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. कंबर धरलेली, जमिनीवर झोप लागणार नाही, म्हणून सुनेनं त्यांच्यासाठी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोपाळा, मागून घेतला होता. मी तंबूंचे खुंटे ठोकून येईपर्यंत काकांनी तो दोन जांभळींमध्ये स्वतःच बांधलाही. पट्टे असे आवळलेले, की बोट मारलं तर तार वाजावी.

"काका, बसू नका!" म्हणेपर्यंत ते बसले. एका पट्ट्याची शिवण टर्रकन उसवली आणि काका खाली. हॅमॉक जेमतेम गुडघ्याइतका उंच होता आणि खाली पाचोळा होता, म्हणून निभावलं. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

काकांना कारण पटेना. "ट्रकवरचा रस्सा ढिला राहिला तर माल रस्त्यावर येतो, पोरा."

त्यांचं खरंच होतं. पण तो रस्सा माल दाबून धरतो. इथे पट्ट्यांना माणूस उचलून धरायचा असतो. मी एका दोराच्या मधोमध पाण्याचा 5 लिटरचा कॅन अडकवला, एक टोक त्यांच्या हाती दिलं, दुसरं मी धरलं. जवळ उभे होतो तोवर वजन जाणवलंही नाही. "आता दोर सरळ करू." मागे सरकत दोघांनी ओढलं. टाचा मातीत रुतल्या, मनगटं दुखायला लागली, पण मधला बाक काही जाईना.

"पाचच लिटर ना हे?" काकांनी विचारलं.

काकांचं वजन 90 किलो. पट्टे आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर साधारण 90 किलोचाच ताण येतो. कोन 10 अंशांवर आणला, की तोच ताण 260 किलोच्या आसपास जातो. काकांनी बांधलेले पट्टे तर जवळजवळ आडवेच होते.

मग नवे पट्टे काढले, चांगले इंचभर रुंद; बारीक दोर जांभळीची साल कापतो आणि ते मला सहन होत नाही. वर वाळकी फांदी नाही ना, ते आधी पाहिलं. डोक्याच्या उंचीवर विळखे घातले, कोन मोबाइलवर मोजला. पायांकडची बाजू वीतभर वर घेतली, नाहीतर माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. काका बसले, उठले, पुन्हा बसले. मी कॅरॅबिनर, म्हणजे हॅमॉक पट्ट्याला अडकवायची कडी, पट्ट्यावर एकेक लूप पुढे-मागे करत राहिलो. शेवटी बैठक खुर्चीएवढ्या उंचीवर आली. मग त्यांना मधल्या रेषेला तिरकं झोपायला लावलं. पाठ सपाट झाली तसं त्यांनी डोळे मिटून घेतले.

रात्री दोनच्या सुमारास बॅटरी घेऊन फेरी मारली. दवानं नायलॉन सैल पडतं. हॅमॉक चार बोटं खाली आला होता. लूप बदलायचा तर काकांना उठवावं लागलं असतं. जमीन अजून पुरेशी लांब होती. दोन्ही विळखे चाचपले, नव्या पट्ट्यांच्या शिवणीवरून बोट फिरवलं, बॅटरी विझवली. काका घोरत होते.