कुंपण होतं, पण...

‘मुक्त व्यापार कराराने मेक्सिकोच्या मक्याचं वाटोळं केलं’ असं एका दमात सांगणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही. कस्टम क्लिअरन्सच्या कामात दिवसभर ड्युटीचे तक्ते डोळ्यांखालून जातात. त्यामुळे कुठलाही करार हाती आला की मी प्रस्तावना सोडून थेट मागची परिशिष्टं उघडतो. खरी मेख तिथेच असते.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला हा करार, म्हणजे नाफ्टा, १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. मक्यासाठी मेक्सिकोला चांगली १४ वर्षांची मुदत होती. अमेरिकेचा २५ लाख टन मका बिनड्युटी येणार, हा कोटा दरसाल ३ टक्क्यांनी वाढणार. त्यावरच्या मालाला सुरुवातीला २१५ टक्के ड्युटी, ती उतरत उतरत २००८ ला शून्य. २१५ टक्के भरून माल सोडवणारी पार्टी मी तरी पाहिलेली नाही! कागदावरचं कुंपण भक्कम होतं.

ते मोडलं मेक्सिकोच्याच सरकारने. कोट्याबाहेरचा मका येऊ दिला आणि त्यावरची ठरलेली ड्युटी घेतलीच नाही. कारण उघड होतं: शहरातली महागाई आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला लागणारा स्वस्त पिवळा मका. महसूल बुडाला तो बुडालाच, शेतकऱ्याला सावरायला दिलेली मुदतही गेली. हमीभावाने मका घेणारी कोनासुपो ही सरकारी कंपनी १९९९ मध्ये गुंडाळली. ‘एहिदो’ म्हणजे गावच्या सामाईक जमिनी विकायची वाट तर करार होण्याआधीच, १९९२ च्या घटनादुरुस्तीने मोकळी झाली होती. दक्षिणेकडच्या चियापास राज्यातल्या झापातिस्तांनी, म्हणजे तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने, नेमक्या १ जानेवारी १९९४ ला बंड केलं, त्यात या जमिनीचा राग मोठा होता.

आणि तोर्तिया, म्हणजे तिथली रोजची मक्याची पोळी? ती स्वस्त झाली नाही. सबसिडी काढल्यावर महागली, २००७ च्या जानेवारीत तर भाव इतके भडकले की लोक रस्त्यावर उतरले.

गंमत म्हणजे देशाचं मक्याचं एकूण उत्पादन घटलं नाही, वाढलंच. वायव्येकडच्या सिनालोआ राज्यातल्या ओलिताच्या मोठ्या शेतांनी आकडा वर नेला. डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर पेरणारा घरापुरतं पेरत राहिला, आणि घरातलं कुणीतरी कामाच्या शोधात उत्तरेला, अमेरिकेत गेलं. एकूण आकडा चांगला दिसला की मला म्हणूनच आधी शंका येते.

आता पलीकडची बाजू. मेक्सिकोच्या आव्होकाडोवर अमेरिकेने किडीचं कारण देऊन १९१४ पासून बंदी घातलेली. करार झाला तरी ती तशीच राहिली. ड्युटीत सवलत, पण क्वारंटाइनची, म्हणजे कीड-रोग तपासणी खात्याची, परवानगी नाही. आमच्या धंद्यात हे रोजचंच. १९९७ मध्ये दार किलकिलं झालं ते ईशान्येकडच्या १९ राज्यांपुरतं, तेही फक्त थंडीच्या महिन्यांत. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याच्या आव्होकाडो बागाइतदारांना अमेरिकेची सगळी राज्यं खुली व्हायला २००७ उजाडलं. तोवर कागदावरच्या मक्याच्या ड्युटीचं शेवटचं वर्ष आलं होतं.