आमची वाटचाल : कॉट भाड्याने देण्यापासून माणूस घरी नेण्यापर्यंत

मिरजेत माझं भाड्याच्या सामानाचं दुकान. डोक्याकडे-पायाकडे वर करता येणारी फाउलर कॉट, पंपाने हवा भरायचा एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची. जत, अथणी, चिकोडी, पार कोकणातूनही माणसं इथे उपचाराला येतात, त्यामुळे सामान कधी पडून राहिलं नाही. कॉट पोचवायची, जोडून द्यायची, डिपॉझिट घ्यायचं आणि निघायचं, एवढंच माझं काम होतं.

मग कवठेमहांकाळकडच्या एका आजींची कॉट पाचव्या दिवशीच परत आली. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या घरी गेल्या होत्या. मुलाचा फोन आला, "कॉट घेऊन जावा, आईला परत अॅडमिट केलंय." मी गेलो तेव्हा घरात सून एकटीच होती. तिने औषधांची पिशवी माझ्यापुढे ओतली आणि विचारलं, "यातलं माझं काय चुकलं हो भाऊ?"

मला गोळ्यांमधलं काहीच कळत नव्हतं. उलगडा नंतर झाला. साखरेची ग्लिमेपिराइड ही गोळी आजी आधीपासून घेत होत्या. दवाखान्यातून तीच दुसऱ्या कंपनीची लिहून आली. पाकिटावरचं नाव वेगळं, रंग वेगळा, औषध एकच. सून बिचारी दोन्ही गोळ्या वेळेवर देत होती, आणि आजींचं जेवण तर निम्म्यावर आलेलं. साखर एकदम उतरली. आजी वाचल्या, पण जुनी गोळी बंद करायची हे त्या सुनेला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

आमच्या शेजारी वॉर्डात उभं आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकाचं सगळं लक्ष बिलात असतं. सांगितलेलं डोक्यात जात नाही." खरंच आहे. सकाळी डॉक्टर म्हणतात घरी न्या, विम्याची मंजुरी येते दुपार उलटल्यावर, मग औषधं, गाडी, आणि म्हातारं माणूस उंबऱ्यात पोचतं रात्री नऊला. हातात इंग्रजीतलं कार्ड. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा आणि एसओएस म्हणजे लागली तरच, हे कुणाला कळणार?

सिस्टर भागीदार झाल्या आणि आमचं काम बदललं. आता आम्ही डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डात जातो. घरही आधी बघून येतो. संडास घरात आहे की परड्यात, पायऱ्या किती, रात्री उठवायला कोण आहे. मग घरातला गोळ्यांचा डबा आणायला सांगतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो बहुतेक घरांत, आणि त्यात दोन-दोन वर्षांपूर्वीच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचून नव्या कार्डाशी ताडायचं. जुळलं नाही की डॉक्टरांना विचारायचं. आम्ही स्वतः एकही गोळी वाढवत नाही की काढत नाही. शेवटी मराठीत किंवा कन्नडमध्ये कागद लिहून देतो, सकाळच्या गोळीपुढे सूर्य, रात्रीच्या पुढे चंद्र. आणि जी गोळ्या देणार तिला म्हणतो, आता तुम्ही आम्हाला समजावून सांगा. ती अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून.

कुठल्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही, हेही त्याच कागदावर असतं. हृदयाच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, पायाला सूज आली, तर तो जेवण मानवल्याचा पुरावा नव्हे. अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवणं, या गोष्टी आम्ही नुसत्या सांगत नाही, करून घेतो.

पुढे सिस्टरांच्या पुतणीने अमेरिकेतल्या डॉ. एरिक कोलमन यांच्या कामाची माहिती पाठवली. कोलोराडोतल्या ७५० ज्येष्ठ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं नीट समजणं, स्वतःजवळ स्वतःची नोंद, वेळेवर फेरतपासणी आणि धोक्याच्या खुणा, या चार गोष्टी त्यांनी रुग्णाला आणि घरच्यांना शिकवल्या. ३० दिवसांत परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण हे न शिकवलेल्या गटात ११.९ टक्के होतं, शिकवलेल्या गटात ८.३ टक्के. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. तिथे परिचारिका पेशंटचं काम स्वतः करत नव्हती, घरच्यांना तयार करत होती.

आमच्याकडूनही चूक झाली आहे. सुरुवातीला आम्ही डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी घरी जायचो. एका अण्णांच्या माकडहाडावर तोवर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, धरला होता. आमचाच एअर बेड अंगाखाली होता, पण त्याचा पंप लाइट गेल्यावर बंद पडून राहिलेला. तेव्हापासून पहिली रात्र आमचीच. आमच्यापैकी एक जण त्या घरी थांबतो.

पैशाचं गणित अजून अवघड आहे. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं आणि तपासण्या धरलेल्या आहेत, आमची फी त्यात बसत नाही. ऑपरेशनसाठी शेत गहाण ठेवून आलेल्या माणसाकडे मी पुन्हा काय मागणार? तिथे आम्ही कॉटचं भाडं तेवढं घेतो. आणि ज्यांची मुलं पुण्या-बेंगळुरूला आहेत, घरात दोघंच म्हातारी, तिथे शेजारणीला सगळं शिकवतो. अशा शेजारणींनी कितीतरी माणसं सांभाळली आहेत.

दुकान आजही तिथेच आहे. फक्त भाड्याच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय. कॉट कुणी नेली, याच्या पुढे : रात्री जागं कोण राहणार. तो रकाना मोकळा असेल, तर सिस्टर कॉट गाडीत चढवू देत नाहीत.