लिटरभर दुधाची कुल्फी

यंदा एप्रिलमध्ये आमच्या घरी कुल्फीच्या साच्यांवरून तीन पिढ्यांत मतभेद झाले. सासूबाईंकडे त्यांच्या संसाराच्या सुरुवातीला घेतलेले ॲल्युमिनियमचे शंकूच्या आकाराचे बारा साचे आहेत, त्यांपैकी सातांचीच झाकणे शिल्लक आहेत. आठवीतल्या मुलीला सिलिकॉनचा साचा हवा होता, कारण त्यातून कुल्फी अलगद सुटते. मला मात्र मातीच्या चिमुकल्या मटक्यांचा मोह पडला होता आणि माती म्हणजे निसर्गाला धरून, असे मी दोघींना मोठ्या विश्वासाने सांगत होते. वाद मिटेना तेव्हा मुलीने वही पुढे केली आणि म्हणाली, "आई, तू नुसतं बोलू नकोस, हिशेब मांड." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे माघार घेण्याची सोय नव्हती.

साच्यांचा हिशेब लवकर आटोपला आणि त्यात माझाच पराभव झाला. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम तयार करायला साधारण १४ ते १५ युनिट वीज लागते, म्हणून हा धातू पर्यावरणाच्या दृष्टीने बदनाम आहे. पण आमचा एक साचा जेमतेम तीस ग्रॅमचा. म्हणजे बाराही साच्यांमागे मिळून पाच युनिटांच्या आसपास वीज खर्च झाली असेल, आणि तीही कित्येक दशकांपूर्वी. उद्या ते भंगारात गेले, तर वितळवून पुन्हा धातू करायला मूळ विजेच्या पाच टक्क्यांच्या जवळपासच वीज लागते. याउलट मटका भट्टीत भाजावा लागतो, त्याला इंधन लागते आणि एकदा भाजलेली माती पुन्हा शेतातल्या मातीसारखी विरघळत नाही. फुटलेल्या मटक्याच्या खापऱ्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. मटके धुऊन पुन्हा वापरावेत म्हटले, तर त्यांत दूध मुरते आणि वास धरतो. सिलिकॉनचा साचा टिकाऊ असतो हे खरे, पण घरात चालू स्थितीतले साचे असताना नवा आणण्याचे समर्थन मुलीलाही जमले नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते: कोकम, कैरी किंवा लिंबू असलेले आंबट मिश्रण आम्ही ॲल्युमिनियममध्ये घालत नाही, कारण आंबटाची धातूवर क्रिया होते. त्यासाठी स्टीलचे लहान पेले आहेत.

काड्यांचा प्रश्न त्याहून किरकोळ होता. आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे आणि लाकडी काडीऐवजी आम्ही स्टीलचा चमचा उलटा खोचतो. दिसायला बेंगरूळ, पण चालते.

खरा धक्का बसला तो दूध आटवण्याच्या हिशेबाला. एक लिटर दूध निम्मे होईपर्यंत आटवायचे म्हणजे अर्धा किलो पाण्याची वाफ करायची. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे अर्ध्या किलोला १,१३०. त्याशिवाय दूध उकळीला आणण्याचे तीनशेच्या जवळपास. शेगडीची सगळीच उष्णता पातेल्याला मिळत नाही, बरीचशी कडेने निघून जाते, हे धरले तर पन्नास ते साठ ग्रॅम गॅस लागतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, म्हणजे प्रत्येक लिटर दुधामागे सिलिंडरचा साधारण अडीचशेवा हिस्सा निव्वळ वाफ होऊन खिडकीबाहेर जातो. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तेव्हा आपल्या वाट्याला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम.

आता हेच मिश्रण गोठवण्याचा खर्च पाहावा. मला वाटत होते, बर्फ करणे हेच सर्वांत खर्चिक काम असणार, आणि बहुतेकांना तसेच वाटते. पण अर्धा किलो कुल्फी घरातल्या तापमानावरून उणे १८ अंशांपर्यंत नेताना तिच्यातून दीडशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. फ्रिज उष्णता निर्माण करत नाही, एका जागेची उचलून दुसरीकडे टाकतो, म्हणून त्याला वीज त्याहूनही कमी लागते: ०.०३ ते ०.०४ युनिट. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची आहे, हे गृहीत धरूनही हा आकडा पंचवीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आगेमागे राहतो. थोडक्यात, कुल्फी गार करण्यापेक्षा ती आटवणे पाच-सहा पटींनी महाग पडते. फ्रिज तर दिवसभर चालूच असतो. हे गणित बिघडवायचे असेल, तर आमरस साठवण्यासाठी वेगळा डीप फ्रीजर विकत घ्यावा, कारण तो रिकामा असला तरी वर्षभर वीज खात राहतो. आमच्या सोसायटीत दोन घरांनी तो घेतला आहे, आणि मे महिन्यात मला त्यांचा हेवा वाटतो, हेही प्रामाणिकपणे सांगते.

गोठवण्याच्या खर्चात एक बचत मात्र फुकटची आहे. आटवलेले मिश्रण गरम असतानाच साच्यांत भरून फ्रीजरमध्ये ढकलण्याची घाई मुलीला नेहमी असते. ऐंशी अंशांचे मिश्रण तीस अंशांवर आणण्याचे काम फ्रिजवर सोडले, तर त्याचा भार दीडपटीहून जास्त होतो. म्हणून पातेले परातीतल्या पाण्यात तासभर ठेवायचे, ते पाणी नंतर कुंड्यांना घालायचे. पाणी वाया जात नाही आणि शेजारच्या कप्प्यातले मटारही सैल पडत नाहीत.

आटवण्याचा खर्च टाळायचा तर दुधाची पावडर हा सरळ मार्ग दिसतो. गाईच्या दुधात साधारण बारा टक्के घन भाग असतो, त्यामुळे अर्धा लिटर दुधात साठ ग्रॅम पावडर मिसळली की लिटरभर दूध निम्मे आटवल्याइतकेच घट्ट मिश्रण मिळते. दूध तेवढेच लागले; फक्त पाणी काढण्याचे काम आपल्या शेगडीऐवजी डेअरीत झाले. तिथे एका टप्प्यातली वाफ पुढच्या टप्प्यातले दूध तापवायला वापरतात, त्यामुळे सुरुवातीचे बरेचसे पाणी घरच्यापेक्षा खूप कमी इंधनात निघते. अखेरीस भुकटी करताना मात्र बरीच उष्णता लागते, म्हणून नफा वाटतो तेवढा मोठा नसतो. मी त्या पद्धतीने कुल्फी करून पाहिली. सासूबाईंनी एक घास घेतला आणि चमचा बाजूला ठेवून म्हणाल्या, "चांगली झाली आहे ग, पण ही दुधाची नाही, दुधाच्या फोटोची आहे." त्यांचे बरोबर होते. मंद आचेवर दूध आटताना त्यातली साखर आणि प्रथिने मिळून जी खरपूस चव येते, ती पावडरीला येत नाही.

माझ्या माहेरी, सांगलीला, लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि जाडे मीठ घालून आइस्क्रीम करत असत. विजेची गरज नाही म्हणून ती पद्धत साधी आणि निसर्गस्नेही वाटते, परंतु बर्फ कारखान्यातच तयार होतो. पाच किलो बर्फासाठी पाण्यातून जेवढी उष्णता काढावी लागते, ती आतल्या दोन लिटर आइस्क्रीममधून काढायच्या उष्णतेच्या तिप्पट-चौपट भरते. शिवाय उरलेले खारे पाणी कुठे ओतायचे हा प्रश्न असतोच. आमच्या वडिलांनी ते एका उन्हाळ्यात परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतले; झाड पावसाळ्यापर्यंतही टिकले नाही.

वहीचे पान इथवर भरल्यावर मी दुधाचा आकडा लिहिला, आणि वरचे सगळे आकडे एकदम लहान झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१० सालच्या अहवालानुसार एक किलो दुधामागे जगात सरासरी २.४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू बाहेर पडतात, आणि दक्षिण आशियात त्याहून जास्त, कारण आपल्याकडे एका जनावरामागे दूध कमी निघते आणि रवंथ करताना त्याच्या पोटातून निघणारा मिथेन मात्र दूध कमी म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. आपली गुरे कडबा आणि पेंड खातात, शेणखत देतात, कितीतरी घरांचा रोजचा खर्च दुधाच्या पैशांवर चालतो, त्यामुळे या एकाच आकड्यावर कुणाला दोषी ठरवणे मला पटत नाही. तरीही दीडशे ग्रॅमच्या गॅसवरून आणि पंचवीस ग्रॅमच्या विजेवरून वाद घालताना अडीच किलोंचे दूध आम्ही हिशेबातच धरले नव्हते.

साखरेचेही तसेच. एक किलो साखरेमागे उसाला दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते, म्हणजे लिटरभर दुधात घातलेल्या ऐंशी ग्रॅम साखरेमागे शंभरहून अधिक लिटर. साचे धुवायला मला अर्धी बादली पाणी लागते म्हणून मी स्वतःवरच चिडत असे, ते आता थांबले आहे. पण साखर हवी तेवढी कमीही करता येत नाही, कारण ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. ती कमी पडली की कुल्फीचा दगड होतो आणि दातांना बर्फाचे खडे लागतात.

म्हणून आता आमच्याकडे दुधाविना होणारे प्रकार वाढले आहेत. हंगामाच्या शेवटी एकदम पिकून येणारे आंबे गाळून त्यांचा रस पेल्यांत गोठवला की त्याला गॅस लागत नाही, आंबा गोड असेल तर साखरही लागत नाही, आणि दोन दिवसांत टाकून द्यावे लागले असते ते फळ वाचते. जळगावची केळी सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत पिकली की चकत्या करून गोठवायच्या आणि मिक्सरमधून काढायच्या, एवढ्यावर सायीसारखे मऊ आइस्क्रीम होते. सासूबाईंनी त्याला "गोठवलेलं शिकरण" असे नाव दिले आहे. कोकमाचे गारेगार मुलीला आवडते, परंतु त्याला साखर इतकी लागते की ते पाहुण्यांपुरतेच करते.

गेल्या मे महिन्यातली एक गोष्ट मी वहीत लिहिली नव्हती, ती मुलीने लिहायला लावली. दोन लिटर दुधाची कुल्फी करून आम्ही लग्नाला गावी गेलो, मागे बराच वेळ वीज गेली, आणि परतलो तेव्हा साच्यांतले सगळे वितळून पुन्हा गोठले होते. आंबूस वास आल्यामुळे ते मोरीत ओतावे लागले. दोन लिटर दूध, शंभरेक ग्रॅम गॅस आणि त्यासाठी शेगडीपाशी घालवलेली एक दुपार. त्या एका दिवसात जेवढे गेले, तेवढे काड्या आणि साचे यांत काटकसर करून दहा उन्हाळ्यांतही मिळाले नसते. त्यानंतर एका वेळी सात साच्यांपुरतीच कुल्फी करायची असे ठरले. झाकणेही तेवढीच आहेत.

आटीव दुधाची कुल्फी मात्र आम्ही सोडलेली नाही. महिन्यातून एकदा सासूबाई रुंद पितळी पातेले काढतात, कारण रुंद तोंडाच्या भांड्यात वाफ लवकर निघते आणि शेगडी कमी वेळ चालते. हे कारण आता मी सांगते, त्या मात्र पूर्वीपासून तेच भांडे वापरत आल्या आहेत. दूध आटले की त्या कडेची आणि तळाची खरवड उलथन्याने काढतात आणि माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवतात. ती खरवड वहीत कुठे मांडायची, हे तिला अजून ठरवता आलेले नाही.